फौजदाराच्या वर कोण?

लातूर-नांदेड रस्त्यावरच्या गावांत वेशीपाशी हटकून एक फ्लेक्स दिसतो : 'पोलीस उपनिरीक्षकपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' मधोमध गुलालाने माखलेला पोरगा आणि भोवती पासपोर्ट फोटोंच्या मापात निम्मं गाव, शुभेच्छुक म्हणून. महासंचालक झाल्याचा फ्लेक्स मात्र आमच्या भागात माझ्या पाहण्यात नाही. आमच्याकडे खात्याचा कळस फौजदारावरच चढतो. त्याच्या वरचे सगळे 'मोठे साहेब'.

वर तशी बरीच गर्दी आहे, पण खांदे वाचायला जावं तर घोळ होतो. तीन तारे एपीआयला, पीआयला आणि डीवायएसपीलाही. फरक काय तो फितीत : एपीआयची लाल, पीआयची लाल-निळी आणि डीवायएसपीला फीतच नाही. म्हणजे फीत गेली की माणूस वर चढला! नांदेडात वजिराबादच्या टपरीवर एमपीएससीची पोरं हे पाढ्यासारखं म्हणतात. एकाला विचारलं, महासंचालक आणि अपर महासंचालक यांच्या खांद्यांत फरक काय? म्हणाला, "काहीच नाही काका, खुर्ची बघायची."

१८६१च्या पोलीस कायद्याने अख्ख्या प्रांताला एक आयजी, म्हणजे पोलीस महानिरीक्षक, दिला आणि शंभरावर वर्षं तो पुरला. मग त्याच्या डोक्यावर महासंचालक आले. आता नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली एवढ्या चार जिल्ह्यांच्या परिक्षेत्रालाच आयजीचं पद आहे, तेही 'विशेष'. महाराष्ट्रात आयजी सगळे विशेषच. साधा कुणी उरलेलाच नाही.

परदेशातही फार शहाणपण आहे असं नाही. इंग्लंडात लंडन वगळता बहुतेक दलांचा प्रमुख 'चीफ कॉन्स्टेबल', म्हणजे जन्मभर चढून शेवटी शिपाईच. जपानात सगळ्यात वरचा हुद्दा टोकियोच्या पोलीसप्रमुखाचा, तो एकट्याचाच. आणि देशाच्या पोलीस यंत्रणेचा जो प्रमुख, त्याला हुद्दाच नाही. आपल्याकडे नुसती फीत गळते, तिथे सगळंच गळतं. अमेरिकेत काउंटीचा शेरीफ बहुतेक ठिकाणी मतं मागून निवडून येतो. ही पद्धत उदगीर-देगलूरकडे आली तर फ्लेक्सवाल्यांची चांदी.

पण या साऱ्यांवर ताण आमच्या मराठवाड्याची. निजामाच्या राज्यात गावाला भीती अमिनाची, म्हणजे तेव्हाच्या फौजदाराची. मोहतमीम, म्हणजे जिल्ह्याचा पोलीसप्रमुख, वर कुठेतरी असायचा. पुढे सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थानात चहूबाजूंनी भारतीय लष्कर शिरलं. रणगाडे, तोफा, वर विमानं. सोलापूरकडून निघालेल्या मुख्य तुकडीचे प्रमुख होते मेजर जनरल जयंतनाथ चौधरी. या सगळ्याला सरकारने नाव दिलं 'पोलीस ॲक्शन'. त्या हिशेबाने पोलिसातला मेजर जनरल फक्त आम्हीच पाहिला. लंडन-टोकियोवाल्यांनी गप्प बसावं. आमच्या आजीला त्याचं काही विशेष वाटलं नव्हतं. "आलते की पोलीस," ती म्हणायची, "गाड्या लई मोठाल्या होत्या. पण फौजदार कोण होता, ते काय कळलं नाही बघ."