करवतकाका

निवृत्तीनंतर काही जण ज्येष्ठ नागरिक संघात जातात, काही विपश्यनेला. करवतकाका जातात पुण्याच्या जुन्या बाजारात. बुधवारी आणि रविवारी पिशवी घेऊन निघायचं आणि गंजकं पातं छातीशी धरून परतायचं. "शेफील्डचं पोलाद आहे!" ही घोषणा दारातच होते. "आधी हात धुवा," हे काकूंचं उत्तरही ठरलेलं.

पातं घासल्यावर कारखान्याचं अर्धंमुर्धं नाव उमटतं. मूठ मात्र वाळवीने कधीच फस्त केलेली. बोहरी आळीत प्लास्टिकच्या मुठीची अख्खी नवी करवत मिळते, असं सुचवणाऱ्याला या घरात पुन्हा चहा मिळत नाही. शेफील्डवाले मुठीला बीचचं लाकूड घेत, अमेरिकेतले डिस्टनवाले सफरचंदाचं. सदाशिव पेठेत सफरचंद फक्त किलोवर मिळतं. मग काकांची नजर काकूंच्या माहेरच्या शिसवी पाटांकडे वळते. जोडीतला एक पाट नाहीसा होतो आणि पुढच्या सत्यनारायणाला काका चटईवर बसतात.

पुढचे काही महिने घरात मूठ सोडून दुसरा विषय नाही. लाकडाचे रेषे आडवे आले तर मुठीचं शिंग पहिल्याच धक्क्याला तुटेल, म्हणून पुठ्ठ्याचा नमुना पाटावर दहा दिशांनी ठेवून बघायचा. पात्याची खाच केसभरही तिरकी नको. जुने पितळी नट असे, की ते फिरवायला टोकाशी मधोमध खाच असलेला पेचकस लागतो. तो कुठे मिळत नाही, म्हणून काका एक चांगला पेचकस कानशीने बिघडवतात. शेवटी जवसाच्या तेलाचे हात.

मग पाहुण्यांची शिकवणी. "मुठीत तीनच बोटं! तर्जनी पात्याच्या रोखाने. म्हणजे करवत सरळ चालते." पाहुणे हवेत करवत चालवून दाखवतात आणि सुटतात. लाकडाला मात्र ती लागू दिली जात नाही. दात बोथट होतील.

एकदा फळीचा तुकडा कापायला काकूंनी सुतार बोलावला. नेमकी वीज गेली, त्याचं मशीन बंद. त्याने भिंतीवरची करवत काढली, चारही बोटांनी गच्च धरली आणि फळीवर पाय ठेवला.

"अरे, बोट! तर्जनी बाहेर!" काका ओरडले.

"काका, फळी कापायचीय की तिला रस्ता दाखवायचाय?"

आणि फळी कापून झालीसुद्धा. काकांनी धावत जाऊन आधी दात तपासले, मग मूठ. काकूंनी फळी.