अखंड सौभाग्यवती प्लेट

बुलडाणा जिल्ह्यातल्या त्या कारखान्याचं नाव घेत नाही. घेतलं तर चार मालकांना वाटेल आपल्यालाच म्हटलं, आणि चौघांचंही बरोबर असेल.

सांडपाणी विजेने साफ करायचा तिथला प्लान्ट पाहण्यासारखा आहे. टाकीत लोखंडी प्लेटा उभ्या. वीज सोडली की लोखंड विरघळतं, त्याच्या गाठींना तेल, रंग, सेंद्रिय मळ चिकटतो. काही बुडबुड्यांसोबत वर येतो, काही तळाशी बसतो. म्हणजे प्लेटेने झिजायचं आणि बाकीच्यांनी स्वच्छ व्हायचं. आपल्या घरातल्या बायकांना हे तंत्र समजावून सांगावं लागणार नाही.

उद्घाटनाला दोन वर्षं झाली. पहिल्या प्लेटेवर पूजेचं हळदकुंकू अजून आहे. पुसट वगैरे नाही. बोटांच्या ठशांसकट, वर चार अक्षतांसह. वीज राहू द्या, या माउलीच्या अंगाला पाणीसुद्धा लागलेलं नाही. रजिस्टरात मात्र रोज ८ तास, ५०० अँपिअर. फॅरेडेने १८३०च्या दशकातच हिशेब मांडून ठेवलाय: एक अँपिअर तासभर वाहिला की साधारण एक ग्रॅम लोखंड गेलं. रोजचे चार किलो धरा. दोन वर्षांत तीन टन लोखंड विरघळलं आणि कुंकू जागच्या जागी! साहेब तपासणीला येतात, रजिस्टर बघतात (सीओडी, म्हणजे पाण्यातल्या मळाचं माप, रोज २४८, मर्यादा २५०), चहा घेतात, प्लेटेला नमस्कार करतात.

खरं तर या तंत्राला आपल्यासारखा जिल्हा शोधून सापडायचा नाही. खाऱ्या पाण्यातून वीज झकास वाहते, आणि शेगाव-संग्रामपूरकडचा खारपाणपट्टा तर पिढ्यान्‌पिढ्या मीठ पितोय. उरली वीज. तिच्याबद्दल मात्र मला हसत बोलता येत नाही. हरभऱ्याला पाणी द्यायचं तर शेतकऱ्याच्या वाट्याला थ्री फेज येते रात्री, थंडीत, तेही ज्ञानगंगेच्या जंगलालगत, जिथं बांधावर अस्वल उभं असतं. एका हातात बॅटरी, एका हातात काठी, आणि मोटर सुरू केली की डीपीवरचा फ्यूज उडतो. फ्यूज बसवायला माणूस उद्या येणार, आणि तो उद्या कॅलेंडरात नाही. इकडे कारखान्याला दिवसरात्र वीज, पण प्लान्टचा खटका कुणी खाली करत नाही, आणि अंधार पडला की तेच सांडपाणी गुपचूप नाल्यात. नाल्याकाठच्या विहिरीचं पाणी चहाच्या रंगाचं झालं तर म्हणे जमिनीचाच दोष! अरे, ज्या जमिनीवर आज्याने बैलजोडी पोसली तिला दोन वर्षांत अवदसा आठवली काय?

आणि हिशेबाच्या वहीत दर तीन महिन्यांनी नव्या प्लेटांचं बिल आहे. जुन्या झिजल्या म्हणून.

पुढच्या तपासणीला साहेबांनी नमुन्याच्या बाटल्या आणू नयेत. खामगावच्या एखाद्या जिनिंगमधून कापसाचा काटा आणावा, आणि काट्यावरचा माणूसही. शेतकऱ्याच्या गाडीत नसलेली घट त्याला लांबून दिसते. ही तर तीन टनांची आहे.