वायफाय कंपनी कशी निवडावी: नवख्यांसाठी सहा पायऱ्या

विद्यापीठाच्या आयटी सेलमध्ये तुम्ही नवे आहात. कुलसचिवांकडून टिपण आलंय: 'वायफाय यंत्रणा बदलणे आहे. कंपन्यांचा तुलनात्मक तक्ता सोमवारपर्यंत सादर करावा.' घाबरू नका. तुमच्या आधी ज्यांना असं टिपण आलं, त्यांचंही सोमवारपर्यंत काही ठरलं नव्हतं. विद्यापीठ तरी चालूच आहे.

पायरी पहिली: तक्ता आखा

डावीकडे गुण, वर कंपन्या: सिस्को, अरुबा, रकस, ज्युनिपर मिस्ट, एक्स्ट्रीम. प्रत्येकीच्या डीलरला कंप्लायन्स शीट पाठवा. दोन दिवसांत ती भरून येते आणि सगळ्या रकान्यांत एकच शब्द असतो: 'होय'. वायफाय ६? होय. रोमिंग? होय. पाहुण्यांसाठी वेगळं लॉगिन? होय. शेवटच्या ओळीत 'यंत्र चहा करते का?' असं घालून बघायचा मोह आवरा. 'होय, पुढच्या फर्मवेअरमध्ये' असं उत्तर येईल आणि त्याला गुण किती द्यायचे यावर समितीची एक बैठक जाईल.

पायरी दुसरी: कंपन्यांची नावं पेन्सिलीने लिहा

निविदा निघून वायफायच्या पेट्या भिंतीवर चढेपर्यंत कंपनीचं सासर बदललेलं असू शकतं. एअरस्पेस २००५ साली आणि मेराकी २०१२ साली सिस्कोच्या घरात गेली. अरुबा २०१५ साली एचपीकडे गेली आणि त्याच वर्षी एचपीच्याच वाटण्या झाल्या. अरुबा एचपीईच्या वाट्याला आली. रकसने २०१६ ते २०१९ एवढ्या काळात ब्रोकेड, अ‍ॅरिस आणि कॉमस्कोप अशी तीन घरं पाहिली. मिस्टला २०१९ मध्ये ज्युनिपरने घेतलं आणि जुलै २०२५ मध्ये ज्युनिपरलाच एचपीईने. हे शेवटचं लग्न मोडायला अमेरिकेचं न्याय खातं कोर्टात गेलं होतं: मोठ्या संस्थांच्या वायफायचा सत्तर टक्क्यांहून जास्त अमेरिकी बाजार दोनच घरांत जाईल, असं त्यांचं म्हणणं. शेवटी तडजोड झाली. तुमच्यापुरता अर्थ एवढाच, की तक्त्यात एकमेकींच्या समोर उभ्या केलेल्या अरुबा आणि मिस्ट आता जावा-जावा आहेत.

पायरी तिसरी: शेजारच्या विद्यापीठाला विचारा

'तुमच्याकडची कंपनी कशी आहे?' असं विचारू नका. 'एकदम मस्त' हेच उत्तर येतं. खरेदीच्या फाइलवर ज्याची सही आहे, तो दुसरं काय सांगणार? त्यापेक्षा विचारा: 'ऑनलाइन परीक्षेच्या आदल्या रात्री बंद पडलं, तेव्हा फोन कोणी उचलला?' आता समोरचा खुर्ची पुढे ओढतो, दार लोटतो आणि म्हणतो, 'सर, तुम्ही म्हणून सांगतो.' पुढची वीस मिनिटं कुठल्याही ब्रोशरपेक्षा मोलाची.

त्याच भेटीत, चहावर, आणखी दोन गोष्टी काढून घ्या. एक, लायसन्स संपल्यावर काय होतं. क्लाउडवरून चालणाऱ्या काही पेट्या नूतनीकरण चुकलं की सवलतीचे दिवस सरताच नेट देणं थांबवतात. पेटी तुमची, भिंत तुमची, वीज तुमची. मुक्काम मात्र त्यांच्या मर्जीने. दोन, स्विच. जुना पीओई स्विच, म्हणजे केबलमधूनच पेटीला वीज पुरवणारा, एका पोर्टला १५.४ वॅट देतो. नव्या पेट्या बहुधा ३० वॅट मागतात. कमी मिळाले तर पेटी चालू दिसते, पण आतून अर्धपोटी काम करते. म्हणजे पेट्यांबरोबर स्विचही आले, आणि कदाचित केबलही. चार आण्यांची कोंबडी नि बारा आण्यांचा मसाला.

पायरी चौथी: ब्रोशरवरचा वेग वाचून हसा

सेकंदाला अमुक गिगाबिट, असं लिहिलेलं असतं. पण हवा सगळ्यांना मिळून एकच. एका चॅनलवर एका वेळी एकाने बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं. हा नियम विद्वत परिषदेत कोणी पाळत नाही, रेडिओत पाळावाच लागतो. साठ मुलांच्या वर्गात फोन आणि लॅपटॉप धरून एकशेवीस वक्ते बसलेले असतात. त्यात मागच्या बाकावरचा जुना फोन सावकाश बोलतो, आणि त्याचं संपेपर्यंत सगळा वर्ग खोळंबतो. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. महाग पेटी घेतली म्हणून चौथा फुटत नाही.

पायरी पाचवी: डेमो योग्य जागी घ्या

डीलरला विचाराल तर तो पेटी कुलगुरूंच्या दालनात लावतो. दालनात माणसं तीन, फोन तीन. आकडा बघून सगळे माना डोलावतात. तुम्ही म्हणा, 'वसतिगृह. तिसरा मजला, शेवटची खोली, रात्री साडेदहा.' आणि डीलरच्या इंजिनिअरआधी तिथल्या शिपाईमामांना बरोबर घ्या.

मी असाच गेलो होतो. लॅपटॉप उघडून खोल्याखोल्यांतून सिग्नल मोजत होतो. मामा थोडा वेळ बघत राहिले, मग म्हणाले, 'साहेब, पोरं हितं कुठं बसतात? ती जिन्यात असतात.' खरंच, जिन्याच्या पायरीपायरीवर एकेक पोरगं, मांडीवर लॅपटॉप, तोंडावर निळा उजेड. पेटी कॉरिडॉरमध्ये टांगलेली. खोलीच्या भिंती जुन्या, दगडी, त्यांना लागून लोखंडी कपाटं. कॉरिडॉरभर सिग्नल भरपूर, खोलीत नावाला. माझ्या तक्त्यात छत्तीस रकाने होते. 'जिना' नव्हता.

पायरी सहावी: आधी घर झाडा

त्याच वसतिगृहाची दुसरी तक्रार होती: 'वायफाय जोडलं जातं, पण नेट येत नाही.' तीन महिने आम्ही कंपनीला शिव्या घातल्या, पत्रं लिहिली, नवी फाइल उघडली. मग एका रविवारी पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर उघडून बघितला. अख्ख्या इमारतीला पत्ते २५४, आणि प्रत्येक पत्त्याचा भाडेकरार आठ दिवसांचा. विंडोज सर्व्हर मुळात असाच येतो आणि तो आम्ही कधी बदललाच नव्हता. मित्राला भेटायला तासभर आलेला पोरगा आठवडाभर पत्ता अडवून बसत होता. भाडेकरार काही तासांवर आणला, पत्ते चौपट केले. सोमवारपासून ती तक्रार बंद. खर्च शून्य, म्हणून त्याची नोंद कुठल्याच फाइलला झाली नाही. नवी फाइल मात्र तोवर अर्थ समितीत मंजूर झाली होती, आणि मंजूर झालेला निधी परत करायची पद्धत आमच्याकडे नाही.

तर सोमवारी तक्ता द्या. कंपन्यांच्या नावांआधी, अगदी वरच्या ओळीत, एक प्रश्न टाका: 'पोरं जिन्यातून खोलीत गेली का?' ही ओळ डीलरकडून भरून घेऊ नका. रात्री साडेदहाला मामांकडून घ्या.