दीड फूट हवा

आमच्या सोफ्याचा श्वास कोंडलाय, हे आम्हाला बारा वर्षांनी कळलं. सांगितलं भाचीनं. हिच्या बहिणीची मुलगी, इंटिरियरचा कोर्स नुकताच संपवून आलेली. चपला काढता काढताच तिनं हॉलवरून नजर फिरवली आणि डॉक्टर रिपोर्ट बघून करतात तसा चेहरा केला.

"मावशी, सोफा असा भिंतीला चिकटवून कोण ठेवतं? फर्निचर फ्लोट व्हायला हवं. काका, सोफ्याला जरा श्वास घेऊ द्या."

बारा वर्षांत सोफ्याला धाप लागलेली मी एकदाही पाहिली नव्हती. धाप लागायची ती आम्हाला, लिफ्ट बंद असली की. पण डॉक्टर, ज्योतिषी आणि इंटिरियरवाले यांच्याशी मध्यमवर्गानं वाद घालायचा नसतो. मी फक्त विचारलं, "किती सरकवायचा?"

"फार नाही, दीड फूट. मागून जायला वाट ठेवायची असेल तर अडीच ते तीन."

मागून जाऊन भेटायचं कुणाला, हे मला कळेना. मागे भिंत, आणि भिंतीपलीकडे शेजारच्यांचा ओटा. म्हणून दीड फुटावर सौदा ठरला.

आता हिशेब. आमचा हॉल ठाण्यातला, दहा बाय पंधरा. त्या दहा फुटांत सोफ्यामागची हवा दीड फूट, सोफा तीन फूट, गुडघ्यांसाठी दीड फूट, टीपॉय दोन फूट आणि टीव्हीचं युनिट सवा फूट. बेरीज झाली सव्वानऊ. म्हणजे टीपॉय आणि टीव्ही यांच्यामध्ये उरले नऊ इंच. या नऊ इंचांतून आमचं कुटुंब आता खेकड्यासारखं आडवं चालतं. थोडक्यात, सोफा श्वास घेतो आणि आम्ही पोट आत ओढून श्वास रोखून धरतो.

दुसरा हिशेब पैशांचा. सोफा सात फूट लांब, मागची जागा दीड फूट, म्हणजे साडेदहा चौरस फूट. आम्हाला फ्लॅट पडला चौदा हजार रुपये फुटानं. सोफ्याच्या पाठीमागच्या हवेची किंमत एक लाख सत्तेचाळीस हजार. प्रत्यक्ष सोफा चाळीस हजारांचा. २०१६च्या रेरा कायद्यानं बिल्डरांना बजावलं की कार्पेट एरिया म्हणजे प्रत्यक्ष वापरता येणारी जागा. तोवर ते जिना, लिफ्ट, पॅसेज सगळं आमच्या गळ्यात मारत आणि त्याला सुपर बिल्टअप म्हणत. एवढ्या खटाटोपानं मिळालेली वापरायची जागा आम्ही स्वखुशीनं बिनवापराची केली. बिल्डर करायचा तेव्हा ती फसवणूक होती. भाचीनं केली तेव्हा ती एस्थेटिक्स झाली.

या फॅशनचं मूळ शोधायला मी थोडं वाचलं. अठराव्या शतकात फ्रान्सच्या सरदारी महालांत खुर्च्यांच्या दोन जाती होत्या. सपाट पाठीच्या खुर्च्यांनी भिंतीला टेकून उभं राहायचं, जागा सोडायची नाही. गोलसर पाठीच्या हलक्या खुर्च्यांनी मधोमध, गप्पा रंगतील तिथे सरकायचं. सरकवायला नोकर होते. पुढे १८१६ साली हम्फ्री रेप्टन या इंग्रज उद्यानरचनाकारानं जुन्या आणि नव्या दिवाणखान्याची चित्रं आपल्या पुस्तकात छापली. जुन्यात मंडळी ताठ गोल करून बसलेली, नव्यात जो तो आपापल्या घोळक्यात निवांत. इकडे तेव्हा पेशवाईची शेवटची दोन वर्षं उरली होती आणि लोड-तक्के भिंतीलाच टेकलेले होते. पण पेशवाई बुडाली ती काही तक्के भिंतीला लावल्यामुळे नव्हे.

आणि फ्लोटिंगचं म्हणाल, तर ते आपल्याकडेही होतंच. कोकणातल्या घरात ओटीवर मधोमध टांगलेला झोपाळा याहून काय वेगळा असतो? मागेही मोकळं, पुढेही मोकळं, शिवाय खरोखरच तरंगणारा. फक्त त्या ओटीचा भाव कुणी फुटावर लावला नव्हता. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. आम्ही पाय तेवढेच ठेवले आणि अंथरूणच भिंतीपासून लांब ओढलं.

रविवारी सकाळी सोफा सरकला. मागून जे निघालं त्यावरून घराचा बारा वर्षांचा इतिहास लिहिता येईल. रिमोटच्या बॅटरीचं झाकण, ज्याच्या जागी आम्ही पाच वर्षं सेलोटेप लावत होतो. मुलीच्या सात हेअरपिना. एक बेसनाचा लाडू, टणक, मूळ आकार शाबूत. आणि भिंतीवर, बरोबर आईच्या डोक्याच्या उंचीवर, खोबरेल तेलाचा गोल डाग. तो डाग आजवर आमच्या घरात होता, पण दिसत नव्हता. आता तो फ्रेम न केलेल्या चित्रासारखा समोर आला. भाचीला वाटलं मुद्दाम केलेलं टेक्श्चर आहे.

खरा घोटाळा पुढे झाला. सोफ्याला मागची बाजू नव्हती. म्हणजे बाजू होती, पण तिथे स्वस्तातलं काळं कापड, त्यावर स्टेपलरच्या पिनांची वेडीवाकडी रांग आणि कोपऱ्यात सुताराचा पेन्सिलनं लिहिलेला हिशेब. तो सुतार आम्हाला ओळखून होता. ही माणसं पाठ कुणाला दाखवणार नाहीत, हे त्यानं पहिल्या भेटीतच ताडलं असणार. पाहुण्यांना दिसेल तेवढंच चकचकीत, बाकी भिंतीकडे, ही आमची खरी शैली. अख्खा सोफा त्याच शैलीत बांधलेला. आता घराचं दार उघडलं की पाहुण्याला आधी दिसते ती आमची काळी बाजू.

आईनं पहिल्याच संध्याकाळी तक्रार नोंदवली. "पाठीमागे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटतं रे." मुलीचा चार्जर भिंतीतल्या प्लगपासून मोबाइलपर्यंत पोचेना, म्हणून एक्स्टेन्शन बोर्ड आला, आणि त्याच्या वायरीत पाय अडकून मी खाली आलो. पंख्याखाली पूर्वी टीपॉय असायचा, आता सोफा आला. त्यामुळे ही म्हणते पंखा दोनवर ठेवा, मी म्हणतो चारवर, आणि आई म्हणते बंदच करा.

कामाच्या मावशींनी मात्र वाद घातला नाही. त्यांनी लादी पुसताना सोफा रोज एक वीत मागे ढकलला. मी रोज तो पुढे ओढला. "साहेब, त्याला तिथं करमत नाही," एवढंच त्या म्हणाल्या.

पण दीड फूट हवा मराठी घरात किती दिवस हवा म्हणून राहणार? आधी तिथे दोन घडीच्या खुर्च्या गेल्या, "पाहुणे येईपर्यंत". मग इस्त्रीचं टेबल. मग महिन्याची रद्दी, आकाशकंदिलाचं खोकं, गणपतीचं मखर, आणि गच्च भरलेली ती पिशवी, जिच्यात फक्त पिशव्या असतात. तिसऱ्या आठवड्यात मी सकाळी सोफा पुढे ओढायला गेलो, तर ओढण्याची गरजच नव्हती. मावशींनी ढकलूनही तो हलला नव्हता. आई टेकून बसली आणि म्हणाली, "आता बरं वाटतंय. पाठीला आधार आला."

भाची परवा येऊन समोरून फोटो काढून गेली. फोटोत हॉल फार ऐसपैस दिसतो म्हणे.

सोफा पुन्हा भिंतीला लागला आहे. फक्त भिंतच आता दीड फूट जाड झाली आहे. जुन्या वाड्यांच्या भिंती अशाच जाड असायच्या, असं आई कौतुकानं सांगते.