बालवर्गातली पानगळ

ऑक्टोबरात पुण्याचा पारा ३४ अंशांना टेकला की बालवर्गातून निरोप येतो : ‘उद्या ऑटम डे. नारिंगी कपडे, मफलर आणि मेपलची पाच पानं पाठवावीत.’ कोथरूडच्या मंडईत मेपल मिळत नाही. म्हणून रात्री अकरा वाजता लेकीची आई कार्डशीट कापते आणि मी प्रिंटरची लाल शाई संपवतो. सकाळी लेक मफलरात घामाघूम होऊन घोकते, ‘आता झाडं पानं गाळतात.’ खिडकीबाहेरचा वड मात्र पावसात न्हाऊन हिरवागार उभा. त्याला अभ्यासक्रम कुणी कळवलेलाच नाही. आपले पळस-पांगारे पानं गाळतात ते थंडी सरताना. पण तेव्हा शाळेत ‘स्प्रिंग’ लागलेला असतो.

याच दिवसांतली आपली एकाच्या आकड्यांतून पाटीवर उमटणारी सरस्वती, भोंडल्याचा हत्ती, डबा हलवून खिरापत ओळखणं, हे सगळं फुकटात होतं. म्हणून त्याला ‘अ‍ॅक्टिव्हिटी’ म्हणत नाहीत.

दसऱ्याला लेकीच्या हातात आपट्याचं पान ठेवलं. तिनं ते उलटसुलट पाहिलं आणि म्हणाली, “बाबा, हे मेपल अर्धवटच कापलंय!”