कल्लूमामा आणि भाग दोन

मामांचं खरं नाव त्यांच्या लायसन्सवर असेल आणि लायसन्स कुठे आहे ते मामांनाच ठाऊक. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा ते मोलगी या पट्ट्यात सगळे त्यांना कल्लूमामा म्हणतात. राम गोपाल वर्माच्या ‘सत्या’ सिनेमातल्या सौरभ शुक्लावरून पडलेलं हे नाव मामांना मुळीच पसंत नाही. त्यांना मनोज वाजपेयीने केलेला भिकू म्हात्रे व्हायचं होतं. 1998 साली अंगाने आपण अगदी तसेच होतो, असं ते शपथेवर सांगतात. दाढी होती, शर्टाची वरची तीन बटणं उघडी असायची. पुढे पोट सुटलं, बटणं लागेनाशी झाली ती खालची, आणि लोकांनी परस्पर निकाल देऊन टाकला.

मामांचा धंदा प्रवासी जीपचा. पुढच्या सीटला ते ‘रिझर्व्ह’ म्हणतात, मागच्या बाकड्यांना ‘स्टॉल’ आणि टपाला ‘बाल्कनी’. बाल्कनीत आमचुराची पोती, कोंबड्या आणि कॉलेजची पोरं असतात. मामा ‘हाउसफुल्ल’ म्हणाले की आणखी चौघं बसणार, हे मोलगीतलं लहान पोरही जाणतं. देवगोईच्या घाटात इंजिन तापलं की ‘इंटरव्हल’. तेवढ्या वेळात रेडिएटरला पाणी मिळतं. मामांच्या तोंडाला मात्र विश्रांती नसते. मला ते नेहमी रिझर्व्हमध्ये बसवतात. मास्तर माणूस मधे बोलत नाही, असा त्यांचा समज आहे.

मामांचा मूळ सिद्धांत असा, की नंदुरबार जिल्हा आणि ‘सत्या’ एकाच आठवड्यात जन्माला आले. 1 जुलै 1998 ला धुळ्यातून नंदुरबार वेगळं झालं आणि 3 जुलैच्या शुक्रवारी पिक्चर लागला. ‘‘दोन्हींत पिक्चर चालला,’’ असं म्हणून मामा खड्डा चुकवतात. नंदुरबार म्हणजे त्यांच्या हिशेबी ‘धुळे भाग दोन’. मोलगी तालुका व्हावा अशी इकडे जुनी मागणी आहे. ती मान्य झाली तर तो ‘अक्कलकुवा भाग दोन’ होईल, म्हणून मामांचा तिला तत्त्वतः विरोध आहे.

या माणसाचं वैर एकाच गोष्टीशी: भाग दोन. आणि भाग दोनांमध्येही 2013 च्या ‘सत्या 2’शी.

अक्कलकुवा मागे पडलं की शिकवणी सुरू होते.

‘‘सर, एक सांगा. भिकू मेला की नाही?’’

‘‘मेला.’’

‘‘कोणी मारला?’’

‘‘भाऊ ठाकुरदासने.’’

‘‘भाऊला?’’

‘‘सत्याने,’’ मागून स्टॉल एका सुरात म्हणतो. ‘‘गणपती विसर्जनात!’’

‘‘आणि सत्याला?’’

‘‘पोलिसांनी!’’ ही बाल्कनी.

‘‘मग दुसऱ्या भागात उरलं कोण? पोलिस! तर पोलिसांचा काढा ना पिक्चर. हे म्हणतात नवा सत्या आला. अरे, धडगावला माझ्या नावाचा एक जण आहे. नाव तेच आहे म्हणून माझी बायको त्याला घरात घेईल का?’’

आमचुराची पोती घेऊन बाजाराला निघालेल्या ज्या बायांनी जन्मात हा सिनेमा पाहिलेला नाही, त्यांनाही भाऊने भिकूला दगा दिला हे तोंडपाठ आहे. माझ्या वर्गातली पोरं पानिपत विसरतात. भाऊ ठाकुरदास विसरत नाहीत.

‘सत्या’ मामांनी नंदुरबारला थिएटरात पाहिला. नंतर भाड्याच्या व्हीसीआरवर, जनरेटर लावून, एका रात्रीत तीन पिक्चर या हिशेबात, मग सीडीवर. ‘सत्या 2’ आला तोवर जमाना मेमरी कार्डाचा झाला होता. मोबाइलच्या दुकानातल्या पोराने तो कार्डात भरून दिला. मामांनी जीप बाजूला घेऊन तो पूर्ण पाहिला, तसेच दुकानात गेले आणि पैसे परत मागितले.

‘‘मामा, डिलीट करा ना,’’ पोरगा म्हणाला.

‘‘कार्डातला करतो. डोक्यातला कोण करणार?’’

त्यांची तक्रार पैशाची नाही, हे मी त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. त्या सिनेमात पुनीत सिंग रत्न नावाचा नवखा नट होता, मोठं नाव एकही नव्हतं, आणि तोच सिनेमा तेलुगूत शर्वानंदला घेऊन केलेला. मामा म्हणतात, नवखा असला तर असू द्या; 1998 ला मनोज वाजपेयीला तरी आमच्याकडे कोण ओळखत होतं? स्वस्तातल्या पिक्चरबद्दल मामांना खानदेशी अभिमान आहे. मालेगावच्या शेख नासिरने ‘मालेगाव के शोले’ काढला तेव्हा घोडे परवडले नाहीत, म्हणून डाकू सायकलवर बसवले. ‘‘सायकलवरचा डाकू बघून हसू येतं, पण सर, डाकू दिसतो तरी. या सत्या 2 मध्ये त्याने कंपनी काढली आणि ती म्हणे कुणाला दिसतच नाही. कंपनीतल्या माणसालाच माहीत नाही की आपण कंपनीत आहोत. जी दिसत नाही तिचं तिकीट कशाला काढायचं?’’

मग येतो प्यारीचा मुद्दा. हा चढाच्या दुसऱ्या वळणावर येतो आणि तेव्हा मामांचे दोन्ही हात स्टिअरिंगवरून सुटतात, म्हणून जुने प्रवासी आधीच दांडी धरून ठेवतात. शेफाली शाहने केलेली भिकूची बायको प्यारी हे मामांच्या मते अख्ख्या ‘सत्या’चं इंजिन. मुंबई हलवणारा माणूस घरी आला की बायकोशी भांडतो. लग्नाच्या वरातीत नाचतो. कल्लूमामाचं पोट सुटलेलं आहे. (हे ते घाईने उरकतात.) ‘‘सत्या 2 मध्ये कोणी घरी जातच नाही, सर. जेवतात कधी?’’

गुंडपटाची ही कसोटी मी कुठल्याही पेपरच्या परीक्षणात वाचलेली नाही. पण ती लावून बघा. बरेच सिनेमे पडतात.

बाकीच्या भाग दोनांचा निकाल झटपट लागतो. ‘वास्तव’ 1999 चा. त्यात संजय दत्तच्या रघूला त्याची आईच गोळी घालते. 2002 ला ‘हत्यार’ आला आणि रघूचा मुलगा म्हणून पुन्हा संजय दत्तच उभा. मामा हिशेब मांडतात: ‘‘आमच्याकडे अंगणवाडीत पोराचं वजन पावशेर वाढलं तरी बाई पेढे वाटेल. आणि यांचं पोर तीन वर्षांत सहा फूट!’’ ‘गँग्स ऑफ वासेपूर’ त्यांना मान्य आहे, कारण तो भाग दोन नव्हेच. पाच तासांचा एकच सिनेमा मधोमध कापून 2012 च्या जूनमध्ये अर्धा आणि ऑगस्टमध्ये अर्धा दाखवला. कैरी चिरली म्हणून तिच्या दोन कैऱ्या होत नाहीत. आमचुराच्या गावात हा युक्तिवाद कोणी खोडत नाही.

जीपमध्ये विरोधी पक्षही आहे. एका कॉलेजच्या मुलाने ‘सत्या जरा स्लो आहे’ असं मत मांडलं आणि त्याला उतरायचं होतं त्याच्या बऱ्याच अलीकडे त्याचं गाव आलं. मोबाइलवाला सिनेमाची किंमत एमबीत करतो; त्याच्या मते जड तो चांगला. आणि घरभेदी म्हणजे मामांचा क्लीनर. त्याला ‘सत्या 2’ मनापासून आवडतो. कारण विचारलं तर म्हणतो, ‘‘त्यातला हिरो कुणाच्या हाताखाली काम करत नाही.’’ हे मामांच्या कानावर गेलं तेव्हापासून क्लीनर कायमचा बाल्कनीत आहे.

मामांची बोलती बंद झालेली मी पाहिली ती ‘मुळशी पॅटर्न’वर. 2018 चा प्रवीण तरडेचा हा सिनेमा मामा घाटात रंगवून सांगत होते: बापाने जमीन विकली, पैसा उडाला, पोरगं गुंड झालं. स्टॉलमध्ये नर्मदाकाठचे एक म्हातारे बाबा होते. त्यांचं गाव सरदार सरोवराच्या पाण्यात गेलेलं.

‘‘त्याने विकली होती का?’’ बाबांनी विचारलं.

‘‘हो बाबा, विकली होती.’’

‘‘आम्ही नव्हती विकली.’’

मामांनी गिअर बदलला. बऱ्याच वेळाने म्हणाले, ‘‘सर, याचा कुणी पहिला भागपण काढत नाही.’’ आणि मग शेजारच्या ट्रकवाल्याला शिवी देऊन पूर्वपदावर आले.

एवढा गँगवॉर कोळून प्यायलेला माणूस खाकी दिसली की विरघळतो. समोरून जंगल खात्याचा गार्ड आला तरी मामांचा आवाज भिकूवरून शाळेतल्या प्रार्थनेवर येतो. ‘‘नमस्कार साहेब, आठच आहेत,’’ ते म्हणतात, आणि टपावरचे दहा जण श्वास रोखून पोती असल्यासारखे बसतात. एकदा त्यांनी असाच सलाम पोस्टमनला ठोकला. मुंबई त्यांनी पाहिलेली नाही. पण जुहूला विसर्जनाच्या गर्दीत भाऊला गाठायला कुठून शिरायचं, ते मोलगीच्या चौकात उभे राहून हाताने दाखवतात.

17 जानेवारी 2025 ला ‘सत्या’ पुन्हा थिएटरांत लागला. तो बघून राम गोपाल वर्माने जाहीर लिहिलं, की मला रडू आलं, यशाच्या नशेत मी वाट चुकलो. रेंज होती तेवढ्यात मी मामांना ते वाचून दाखवलं. मामांनी चक्क जीप थांबवली, चढावर.

‘‘आता रडला?’’

‘‘हो.’’

‘‘मी 2013 लाच रडलो होतो. मला विचारायचं ना.’’

वर्मांनी ‘सिंडिकेट’ नावाच्या नव्या सिनेमाची घोषणा केली आहे, हेही मी सांगितलं. मामांनी बराच विचार केला. नाव नवीन आहे, म्हणजे भाग दोन नाही. बघायला हरकत नाही, मात्र आधी त्यात कुणाची तरी बायको आहे का ते कळलं पाहिजे, असा त्यांचा निर्णय झाला.

तुम्हाला कधी मोलगीला यायचं झालं तर एसटीने या. एसटी चुकली आणि मामांचीच जीप मिळाली, तर ‘सत्या 2’ पाहिलेला नाही असं सांगा. पाहिला असेल आणि आवडलाही असेल, तर मुकाट्याने टपावर चढा. तिथे क्लीनर आहे, तो जागा करून देईल.