खरचटण्याची मीमांसा
कराडहून चिपळूणकडे जाणारा रस्ता कोयनानगर ओलांडून कुंभार्ली घाटात उतरतो, आणि वर्षाला सुमारे पाच हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या या टापूत दरडीची माती व खडी वळणावर वाहून आली की दुचाकीस्वार आणि डांबर यांचा जो निकट परिचय घडतो, त्याची नोंद स्वाराच्या कोपरावर, गुडघ्यावर आणि तळहातावर होते. त्वचा कापली न जाता घासून निघते अशा या जखमेचे निदान, उपचार आणि डिस्चार्ज लोकव्यवहारात "काय न्हाय, नुसतं खरचाटलंय" एवढ्या एका वाक्यात उरकतात.

तपासणीचा क्रमही ठरलेला असतो: आधी इंडिकेटर, मग क्लचची दांडी, मग पडताना कोणी पाहिले काय याची चौकशी, आणि पँट गुडघ्याला चिकटू लागल्यावर अखेरीस कातडी. सुश्रुताने व्रणाचे साठ उपक्रम, म्हणजे उपचारप्रकार, सांगितले आहेत. टपरीवरील तज्ज्ञांनी त्यांत चहापूड आणि टूथपेस्ट यांची भर घातली असून, या दोन्ही गोष्टी सुश्रुताच्या हाताशी नव्हत्या हे त्याच्या रुग्णांचे भाग्यच म्हणावे लागेल.

अशी जखम खोल जखमेहूनही अधिक झोंबू शकते, कारण वरची त्वचा निघून गेल्याने खालच्या थरातील चेतातंतूंची असंख्य टोके उघडी पडतात. आणि झोंबते म्हणूनच ती धुण्याचे टाळले जाते, हा या विषयातील मुख्य घोटाळा होय. वाहत्या स्वच्छ पाण्याखाली मातीचा व खडीचा कण न् कण निघेपर्यंत ती धुवावी लागते, नाहीतर आत राहिलेल्या कणांवर कातडी धरून निळसर-काळे ठिपके कायमचे उरतात, म्हणजे जत्रेत पैसे मोजून काढून घ्यावयाचे गोंदण रस्ता फुकट काढून देतो. धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे तग धरतात, त्यामुळे जखम मळलेली असून शेवटच्या इंजेक्शनला पाच वर्षे उलटली असतील, तर ते पुन्हा घ्यावे लागते.

यानंतर "वारा लागू द्या, खपली धरेल" हा सिद्धान्त येतो. जॉर्ज विंटर याने 1962 मध्ये डुकरांवरील प्रयोगांतून दाखविले की झाकून ओलसर राखलेली वरवरची जखम उघड्या, कोरड्या जखमेच्या जवळजवळ दुप्पट वेगाने नव्या त्वचेने भरते. तरीही डुकरांचा अनुभव माणसांनी का मानावा, असा आक्षेप निघतोच. वास्तविक 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपात कोयना धरणाच्या भिंतीला तडे गेले, तेव्हा वारा लागून ते भरतील असे न म्हणता ते रसायनाने बुजविण्यात आले आणि पुढे भिंतीला काँक्रीटचे टेकूही देण्यात आले. गुडघ्याची अपेक्षा तर व्हॅसलीनचा पातळ थर आणि रोज बदललेली, न चिकटणारी पट्टी एवढीच असते. मात्र खडी निघेना, लाली पसरू लागली, पू वा ताप आला, तर पाटणचा किंवा कराडचा दवाखाना गाठावा लागतो, आणि तेथवर स्वतःच्याच गाडीवर मागे बसून जाणे बहुतेक स्वारांना जखमेपेक्षाही अधिक झोंबते.